कॅली टूनी पडद्यावर काय बोलली

कॅली टूनीला सिनेमात घ्यावं असं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. तिच्या स्वतःच्या तर मुळीच नव्हतं. ती टोपल्या द्यायला गेली होती. कॅलिफोर्नियाहून आलेल्या मंडळींनी बिग कोव्ह या चेरोकी इंडियनांच्या वस्तीखाली, नदीकाठच्या सपाट शेतात एक अख्खं जुन्या काळचं गाव उभं केलं होतं आणि तिथल्या झोपड्यांपुढे ठेवायला त्यांना टोपल्या हव्या होत्या. ओकच्या कामट्यांच्या, अक्रोडाच्या सालीत रंगवलेल्या टोपल्यांची चळत पाठीला बांधून ती गेली, सांगितलं तिथे एकेक मांडली आणि परत निघाली. तेवढ्यात हॉलिस नावाच्या दिग्दर्शकाची नजर तिच्यावर पडली.

टोळीच्या पंचायतीतला कारकून विल्बर क्रो सिनेमावाल्यांना माणसं जमवून द्यायचा आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करायचा. तो धावत आला आणि म्हणाला की साहेबांना मावशीचा चेहरा पसंत पडलाय, तिने उद्यापासून यावं. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. कॅलीने सांगितलं की नुसतं उभं राहायला तिला सवड नाही, घेवडा वाळत घालायचा राहिलाय. पण रोजंदारी ऐकल्यावर घेवडा शेजारणीकडे द्यायचं ठरलं.

तिचा धाकटा भाऊ ईनॉक आधीपासूनच तिथे कामाला होता. एरवी तो उन्हाळाभर मोठ्या रस्त्यावर, दुकानांपुढे, पिसांचा लांबलचक टोप घालून उभा राहायचा आणि प्रवाशांबरोबर फोटो काढून घ्यायचा. तसला टोप चेरोकींनी कधीच घातलेला नाही. तो पार पश्चिमेकडच्या मैदानातल्या लोकांचा. पण प्रवाशांना तोच हवा असतो. सिनेमावाल्यांनी त्याचा टोप काढून घेतला आणि त्याच्या दाट केसांवर रबराची टोपी चढवली. आता त्याचं डोकं तुळतुळीत दिसायचं आणि मधोमध शेंडीएवढा झुपका उभा राहायचा.

"इतकी वर्षं लोकांची पिसं वागवली डोक्यावर," तो बहिणीला म्हणाला, "आता लोकांचं टक्कल वागवायचं."

"शोभतंय," कॅली म्हणाली. "आजोबांचं असंच होतं. त्यांना रबर लागलं नव्हतं."

सिनेमाची गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची होती. इंग्रज आणि फ्रेंच यांची जंगलातली लढाई, मधे सापडलेले वसाहतवाले आणि इंडियन टोळ्या. एका वसाहतीवर धाड पडते, एक गोरी पोर पळवली जाते, टोळीतली एक बाई तिला पोटच्या पोरीसारखी वाढवते. पुढे एक शूर शिकारी येतो, किल्ला जळतो, होड्या धबधब्यावरून जातात, बरीच माणसं मरतात. शेवटी तह होतो आणि तहाप्रमाणे पळवलेल्या सगळ्या गोऱ्या माणसांना परत करावं लागतं. त्या पोरीलाही लाल डगलेवाले शिपाई घेऊन जातात. ही टोळी उत्तरेकडची, कुठली ते सिनेमावाल्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. आमच्या लोकांनी चेरोकीत बोललेलं चालेल का, असं विल्बरने विचारलं, तेव्हा हॉलिस म्हणाला, प्रेक्षकांना कळलं नाही म्हणजे झालं.

ती पोर वाढवणारी बाई म्हणून कॅली उभी राहिली. बरेच दिवस तिचं काम तेवढंच होतं. झोपडीपुढे उभं राहायचं, मका कांडायचा, शिकारी घोड्यावरून आला की मान वर करून बघायचं. ईनॉक रोज मरायचा. सकाळी किल्ल्याच्या भिंतीवरून पडायचा, दुपारी होडीतून पाण्यात. किल्ला नुसत्या फळ्यांचा होता, मागून उघडा. संध्याकाळी सगळे मेलेले तिथेच रांगेत बसून कॉफी प्यायचे.

कॅलीला एक मुलगी होती, एमलाइन. नवरा जंगलतोडीच्या कामावर ओंडक्याखाली सापडून गेला, तेव्हा पोर पाळण्यात होती. कॅलीने टोपल्या विणून तिला वाढवलं. पोरगी एकोणीस वर्षांची झाली आणि एका गोऱ्या ट्रकवाल्याबरोबर ओहायोला निघाली. रे त्याचं नाव. तिथे ॲक्रनमधे टायरचे कारखाने होते आणि डोंगरातली पुष्कळ माणसं तिकडेच चालली होती. कॅलीचा राग रेवर होता की ओहायोवर, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भांडण असं झालंच नाही. मायलेकींना भांडता येत नव्हतं. दोघीही गप्प बसणाऱ्यातल्या. जायच्या दिवशी कॅली सकाळीच कुदळ घेऊन वरच्या मक्यात गेली. तिथून खालचा रस्ता स्वच्छ दिसतो. ट्रक उभा होता, पोरगी दारात उभी होती, भोंगा वाजत होता. कॅली मक्याला माती लावत राहिली. बऱ्याच वेळाने ट्रक गेला. पुढे कुणी ना कुणी तिकडून यायचं, त्यांच्याकडून कळायचं, की बरी आहे, मुलगा झाला, मग मुलगी झाली. एमलाइन स्वतः काही आली नाही. आणि कॅलीनेही निरोप धाडला नाही.

तहाचा प्रसंग पानं पिवळी पडू लागली तेव्हा चित्रित झाला. गोरी पोर झालेली नटी मर्ना कॉल्बी. कामाच्या बाबतीत कसलेली, पण थंडी सोसत नसे. तिला घोडागाडीत बसवायचं, शिपाई दोन्ही बाजूंनी चालणार, गाडी उतारावरून नदीच्या उथळ पाण्यात शिरून पलीकडे जाणार. कॅलीने काठावर उभं राहून बघायचं. हॉलिसने तिला बजावून सांगितलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. इंडियन माणूस दुःख दाखवत नाही, असं त्याचं म्हणणं. विल्बरने ते तिला सांगितलं तेव्हा शेजारी उभ्या बायका हसल्या, कारण आदल्याच आठवड्यात एका मयताला त्यांनी साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा आक्रोश केला होता.

गाडी पाण्यात शिरली. पलीकडच्या टेकाडावर शिपायांनी सलामीच्या बंदुका उडवायच्या होत्या, त्या वेळेआधीच उडाल्या. घोडे बिथरले. गाडीचं एक चाक खडकावर चढलं, गाडी कलंडली आणि मर्ना कॉल्बी बाहेर फेकली गेली, ती थेट जिथे धार जोराने वाहते त्या बाजूला. तिच्या अंगात हरणाच्या कातड्याचा जड झगा होता. भिजल्यावर तो दगडासारखा झाला. सगळे ओरडत होते. शिपायांचे बूट गुडघ्यापर्यंत होते, त्यांना पटकन हलता येईना. कॅलीचं अर्धं आयुष्य त्या नदीत टोपल्यांच्या कामट्या भिजत घालण्यात गेलं होतं. ती घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत पाण्यात गेली, पोरीचा दंड धरला, आणि ओढता ओढता तिच्यावर चेरोकीत खेकसत राहिली. दोघी खाली एका वाळूच्या पट्ट्यावर निघाल्या. मर्नाच्या कपाळाला खोक पडली होती. बाकी काही झालं नव्हतं.

तंबू लांब होते, कॅलीचं घर जवळ. तिने तिला घरी नेलं, चुलीशी बसवलं, आपला लोकरीचा झगा दिला आणि डुकराच्या चरबीत परतलेला मका पुढे ठेवला. मर्ना सारखी बोलत होती. तिची आई कॅन्ससमधे आहे, सिनेमात गेल्याबद्दल रागावलेली आहे, एवढं कॅलीला कळलं. कॅलीला इंग्रजी बरंच यायचं. बोलायची नाही, एवढंच.

कॅमेरा सगळा वेळ चालू होता. हॉलिसने दुसऱ्या दिवशी विल्बरला गाठून सांगितलं की पाण्यात ती म्हातारी पोरीशी जे बोलत होती, तसं काहीतरी त्याला हवंय. काठावर पुतळ्यासारखं उभं राहणं रद्द. गाडी हळू चालेल, हिने तिच्या बाजूने पाण्यापर्यंत बोलत यायचं.

"काय बोलू?" कॅलीने विचारलं.

विल्बरने साहेबांना विचारून सांगितलं, "आई मुलीला निघताना जे बोलते ते. काहीही बोल म्हणतोय, मावशी. कुणाला कळणार नाही."

कॅलीने मान हलवली. तिला जागेवर उभं केलं. मागे गावातले पंधरा-वीस जण रंग लावून ओळीने उभे होते, ईनॉकही होता, हाताची घडी घालून. गाडी निघाली. काही पावलं कॅली काहीच बोलली नाही, आणि हॉलिसने हात उचलला, थांबवायला. तेवढ्यात तिने गाडीच्या फळीवर हात ठेवला.

"एमलाइन," ती म्हणाली, "जरा ऐकून घे. पाय ओले ठेवू नकोस. तुझ्या छातीत लगेच कफ होतो, माहीत आहे ना? तिकडे थंडी जास्त आहे म्हणतात. भूक लागली की सांगायचं. तुला सांगायची सवय नाही, ती माझ्याकडूनच आलीय. तो तुझा रे, त्याचं मी तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही. तुला मारत नसेल तर चांगला असेल. मी वर मक्यात होते. मला गाडी दिसत होती, भोंगाही ऐकू येत होता. हातातली कुदळ काही सुटेना. मका काही पळून जात नव्हता, एमलाइन. पोरं झाली असं कळलं. नावं मला कुणी सांगितली नाहीत. येशील तेव्हा घेऊन ये. तुझं अंथरूण आहे तिथेच आहे, कुणाला दिलेलं नाही."

गाडी पाण्यात शिरली आणि तिचा हात सुटला. ती काठावर थांबली. मागच्या ओळीत कुणी हललं नाही. ईनॉकने तोंडावर रंग होता म्हणून डोळे पुसले नाहीत, नुसता खाली बघत राहिला. बायकांपैकी एकीने शाल तोंडावर ओढली. गाडीत मर्ना कॉल्बी खरोखरीची रडत होती. तिला वाटलं, हे सगळं आपल्यासाठी आहे. काल नदीतून ओढून काढलेल्या पोरीला म्हातारी आशीर्वाद देतेय. तिने तसं नंतर कॅलीला मिठी मारून सांगितलंही, आणि कॅलीने ते खोडून काढलं नाही. मर्ना पुढे कितीतरी वर्षं नाताळात संत्र्यांची पेटी पाठवत राहिली.

हॉलिस खूश झाला. काय म्हणाली ती, असं त्याने विचारलं.

"नीट जा, म्हणाली," विल्बरने सांगितलं.

मधेच एक ढग आला होता म्हणून हॉलिसला ते पुन्हा एकदा हवं होतं. कॅली म्हणाली, बोलून झालं, आता काही शिल्लक नाही. विल्बरने साहेबांना सांगितलं की तिचा घसा बसलाय. आहे त्यावरच भागवावं लागलं. दोन दिवसांनी किल्ला खरोखर जाळला, ईनॉक शेवटचा मेला, आणि ट्रक भरून मंडळी गेली. मागे फळ्यांचा ढीग राहिला, त्यातून बऱ्याच जणांच्या कोंबड्यांची खुराडी झाली.

सिनेमा पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या गावी लागला. बिग कोव्हमधून दोन ट्रक भरून माणसं गेली. तिथल्या थिएटरात चेरोकींना वरच्या गॅलरीत बसावं लागे. त्या दिवशी गॅलरी भरून जिन्यावरही माणसं बसली. ईनॉक भिंतीवरून पडला की गॅलरीतून टाळ्या पडायच्या. तो पुढच्याच प्रसंगात जिवंत होऊन पुन्हा चालून यायचा, तेव्हा त्याहून जास्त पडायच्या. खालचे गोरे लोक मागे वळून बघत होते.

मग कॅलीचा प्रसंग आला. तिचं तोंड धान्याच्या कोठाराएवढं झालं होतं. आपण हुबेहूब आपल्या आईसारख्या दिसतो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि ते तिला फारसं आवडलं नाही. पडद्यावरच्या कॅलीने फळीवर हात ठेवला, "एमलाइन" म्हणाली, पायांचं म्हणाली, आणि मग व्हायोलिनं सुरू झाली. एक नव्हे, पुष्कळ. तिचे ओठ हलत राहिले. व्हायोलिनं थांबली तेव्हा अंथरुणाचं वाक्य अर्धं उरलं होतं. परत येताना ट्रकमधे ईनॉक म्हणाला की त्या वाजंत्र्यांना नदीत बुडवायला पाहिजे होतं. कॅलीच्या लेखी ते प्रकरण संपलं होतं. बोललेलं पाण्यात गेलं, आणि बोलताना तरी ते कुठे पोचेल असं तिला थोडंच वाटलं होतं. साहेबांनी बोल म्हटलं, म्हणून जे तोंडात आलं ते आलं.

जूनमधे एक दिवस ईनॉक नेहमीप्रमाणे पिसांचा टोप घालून रस्त्यावर उभा होता. प्रवाशांची बस थांबली. सात-आठ वर्षांचा एक तपकिरी केसांचा पोरगा उतरून धावत आला आणि मला या चीफबरोबर फोटो काढायचाय, असा हट्ट धरून बसला. मागून त्याची आई आली, कडेवर झोपलेली लहान मुलगी.

"चीफ कसला," ती पोराला म्हणाली. "तुझा आजोबा आहे तो, माझा मामा." मग चेरोकीत, "मामा, ते डोक्यावरचं काढ आधी."

ईनॉकने त्या दिवशी काम तसंच टाकलं आणि त्यांना गाडीत घालून वर आणलं. वाटेत तो एकटाच बोलत होता.

कॅली ओसरीवर कामट्या सोलत होती. गाडीतून कोण उतरलं ते तिने पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. सुरी तिच्या हातातच होती, ती तिने खाली ठेवली. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. एमलाइन जाड झाली होती, केस कापलेले होते. तिने पोरांना पुढे केलं आणि नावं सांगितली, डॅनियल आणि रुथ. कॅलीने ती दोन्ही नावं एकेकदा म्हणून पाहिली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"शाळा उघडेपर्यंत. रेला कारखान्यातून सुटी नाही. ऑगस्टात घ्यायला येईल." एमलाइनने रुथचे केस मागे सारले. "मारत नाही तो मला."

कॅलीने मान वर केली.

मग एमलाइनने हळूहळू सांगितलं. ॲक्रनच्या बाहेर एक मोठं मैदान आहे, तिथे लोक गाड्यांत बसूनच सिनेमा बघतात. प्रत्येक गाडीच्या काचेला एक पत्र्याचा आवाजाचा डबा अडकवतात. रेला आणि डॅनियलला लढाईचे सिनेमे आवडतात म्हणून ते गेले होते. ती मागच्या सीटवर रुथला थोपटत होती, पडद्याकडे लक्षसुद्धा नव्हतं, आणि कानाशी त्या डब्यातून आई ओरडली की पाय ओले ठेवू नकोस. तिला वाटलं, आपलं डोकं फिरलं. रेने विचारलं, काय झालं, तर तिला सांगता येईना. त्या मैदानात शेकडो गाड्या होत्या, आणि ते समजणारी ती एकटी. दुसऱ्या दिवशी ती रेला म्हणाली, पुन्हा जाऊ. तिसऱ्या दिवशीही गेले. रे बिचारा काही न विचारता गाडी काढायचा. ती डबा काचेवरून काढून कानाला लावून बसायची.

"तरी सगळं नाही मिळालं," ती म्हणाली. "ती वाद्यं मधे येतात. 'मारत नसेल तर' एवढं आणि 'मका काही पळून जात नव्हता', हे ऐकू आलं. त्याच्या मधलं गेलं, नंतरचंही बरंच गेलं. काय होतं?"

कॅली खाली पडलेल्या कामट्या गोळा करू लागली.

"तेवढंच होतं," ती म्हणाली. "बाकी पोरांचं होतं, इकडचं तिकडचं."

ईनॉक सांगायला तोंड उघडणार होता, त्याला कॅलीने पाणी आणायला पाठवलं.

संध्याकाळी स्वयंपाक मी करते म्हणून एमलाइन उठली. मक्याच्या पिठात घेवड्याचे दाणे घालून तिने मुटके वळले, पानांत गुंडाळले आणि उकळत्या पाण्यात सोडले. पीठ मळताना तिने सवयीने चिमूटभर मीठ टाकलं. कॅली समोरच बसली होती. त्या पिठात मीठ घालायचं नसतं, घातलं की मुटके फुटतात, हे बिग कोव्हमधे पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. भांड्यावरचं झाकण काढलं तेव्हा आत नुसती लापशी झाली होती आणि वर रिकामी पानं तरंगत होती.

"तू बघत होतीस ना?" एमलाइन म्हणाली. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ओहायोची पद्धत असेल."

एमलाइन आधी चिडली, मग डाव हातात धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिथेच चुलीपाशी खाली बसली. ईनॉकने चार वाडगे काढले, मग आठवून पाचवा काढला. सगळ्यांनी ती लापशी वर चरबी घालून चमच्याने खाल्ली. डॅनियलला आवडली. त्याने आणखी मागितली, आणि कॅलीने भांड्याच्या तळाशी उरलेली खरवडून त्याला वाढली.